घरचा डॉक्टर कोणाचा?

आमच्या कर्जत-खालापूर भागात डॉक्टरला नावापेक्षा नात्याने जास्त ओळखतात. ‘आमचे घरचे डॉक्टर’ म्हणताना आवाजात अभिमान असतो. कुणाला शुगर, कुणाला दमा, हे त्यांना कागद न पाहता ठाऊक असते. उधारीही चालते. पण त्या घरातली एखादी बाई, नको त्या वेळी दिवस गेले म्हणून घाबरून त्यांच्यासमोर बसते, तेव्हा हा डॉक्टर घराचा की तिचा?

मी उर्दू शाळेत शिकवते. आमच्या पालकसभेला बहुतेक आयाच येतात. एकदा सभा संपली तरी एका विद्यार्थिनीची आई बसून राहिली. चार मुले. मागच्या बाळंतपणात ब्लडप्रेशर इतके वाढले की रातोरात मुंबईला हलवावे लागले होते. नवरा सुट्टी संपवून आखातात परतला आणि महिन्याभराने कळले, पुन्हा दिवस गेले. ती घरच्या डॉक्टरकडे गेली. ती घरी पोहोचण्याआधी सासूला फोन पोहोचला होता. डॉक्टरांची नियत वाईट नव्हती, मुबारकबाद द्यायलाच त्यांनी फोन केला होता. त्यानंतर या विषयावर घरातले सगळे बोलले, ती सोडून. “पाडायचंच होतं असं नाही, टीचर,” ती म्हणाली. “माझ्या जिवाला धोका आहे का, एवढंच विचारायचं होतं.”

अशा वेळी ‘आपल्यात हराम आहे’ एवढे म्हणून विषय मिटवतात. फिकहमध्ये तो इतक्या लवकर मिटलेला नाही. आपण कोकणी मुसलमान बहुतेक शाफई. इमाम गझालीही शाफईच. गर्भ राहू नये म्हणून घेतलेली खबरदारी त्यांनी जायज ठरवली, पण राहिलेला गर्भ पाडणे सुरुवातीपासून गुन्हा मानले; दिवस जातील तसा तो गुन्हा वाढतो, असे त्यांचे मत. अनेक हनफी फकीहांनी मात्र रूह फुंकली जाण्यापूर्वी, म्हणजे १२० दिवसांच्या आत, सबळ कारण असल्यास मुभा दिली. अंगावर पिणाऱ्या मुलाचे दूध आटेल, ही भीतीसुद्धा त्यांनी कारणांत धरली. मी आलिमा नाही, फतवा देणे माझे काम नाही. पण बाईची हालत विचारल्याशिवाय जबाब देता येत नाही, हे त्या बुजुर्गांना कळत होते.

कायद्यालाही ते कळते. १९७१ च्या गर्भपात कायद्यानुसार सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची किंवा सासूची सही लागत नाही. २०२१ च्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचे मत चालते, आणि गर्भपात केलेल्या स्त्रीचे नाव फोडणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. आपल्याकडचे अनेक घरचे डॉक्टर होमिओपॅथीचे किंवा आयुर्वेदाचे. गर्भपात करण्याचा अधिकार त्यांना नाही, आणि तो त्यांच्याकडून कुणी मागतही नाही. सोबत आलेल्यांना बाहेर बसवावे, तिचे ऐकावे, ब्लडप्रेशर मोजावे, सोनोग्राफीला आणि योग्य इस्पितळात पाठवावे. मूल ठेवायचे ठरले तर नऊ महिने लक्ष ठेवावे, नाही ठरले तरी दार बंद करू नये. मेडिकलमधून परस्पर गोळ्या घेणे कसे जिवावर बेतते, तेही त्यांनीच सांगायचे.

काही डॉक्टर उलट घाई करतात. ‘चार आहेत ना, मोकळी हो’ म्हणतात. त्यातही तिला विचारलेले नसतेच.

१८६३ साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. अडचणीत सापडलेल्या विधवांना तिथे सर्वांत आधी काय मिळाले असेल, तर गुपचूप बाळंत होण्याची सोय. काशीबाई नावाच्या अशाच एका विधवेचा मुलगा यशवंत फुल्यांनी दत्तक घेतला. तो पुढे डॉक्टर झाला आणि १८९७ च्या प्लेगमध्ये त्याने रुग्णांची सेवा केली. सल्ला देणारा अमानतदार असतो, असे आपण मुलांना मदरशात शिकवतो. फुल्यांच्या त्या घराने ही अमानत सांभाळली होती.

त्या बाईला मुलगा झाला, दोघेही सुखरूप आहेत. मुलांच्या तापखोकल्याला ती त्याच घरच्या डॉक्टरांकडे जाते. स्वतःचे काही दुखले की मात्र लोकल पकडून बदलापूर गाठते. तिथे तिला कुणी ओळखत नाही.