तारण गमावता येते का?

एकदा झालेले तारण माणूस गमावू शकतो का? 1610 मध्ये डच धर्मशास्त्रज्ञ आर्मिनियसच्या अनुयायांनी हा प्रश्न खुला ठेवला. 1618-19 च्या डॉर्ट धर्मसभेने मात्र देव आपल्या निवडलेल्यांना शेवटपर्यंत राखतो, असा निर्वाळा दिला. तो तर्काला धरून आहे. तारण निव्वळ कृपेने मिळत असेल, तर ते टिकवण्याचा भार माणसाच्या कर्तबगारीवर टाकणे विसंगत ठरते.

विरोधक इब्री पत्राच्या सहाव्या अध्यायातील पतनाच्या कडक इशाऱ्याकडे बोट दाखवतात. पण इशारा हेही राखण्याचेच साधन असू शकते. प्रेषितांच्या कृत्यांतील सत्ताविसाव्या अध्यायात, वादळात कोणीही दगावणार नाही असे आश्वासन पौलाला मिळालेले असते. तरीही खलाशी होडीतून पळू पाहतात तेव्हा तो शताधिपतीला सावध करतो आणि शिपाई होडीचे दोर कापून टाकतात. आश्वासन आणि इशारा तिथे हातात हात घालून चालतात. अशा खात्रीने माणूस बेफिकीर होईल, हा दुसरा आक्षेप. डॉर्टने दावीद आणि पेत्र यांचे गंभीर पतन नाकारले नाही. देवाने त्यांना पश्चात्तापाकडे परत आणले, यावर भर दिला. म्हणून पश्चात्तापाला फाटा देऊन तारणाची हमी मागणाऱ्याला या सिद्धांताचा आधार घेता येणार नाही.