न फेडायचे कर्ज

ऋण काढून सण करू नये, असे आपली वडील माणसे सांगत आली. लक्ष्मीपूजनाला नव्या वहीवर हळदकुंकू वाहताना जुन्या वळणाचा व्यापारी आधी देण्याची बाजू पाहतो आणि मग येण्याची. कर्ज म्हटले की आपली मान खाली जाते. परंतु कर्ज घेतले म्हणजे नशीब उघडले, असे मानणारी माणसेही जगात होऊन गेली. आणि तीही कुठे, तर हिशेबाला चोख म्हणून नावाजलेल्या विलायतेत!

हकिगत अशी. तिकडे पुष्कळ लोक कायमची नोकरी न करता कंत्राटावर काम करतात. त्यांत संगणकाची कामे करणारे फार. पण बदली शिक्षक आणि परिचारिकाही आहेत. २००० सालच्या एप्रिलपासून तिथल्या सरकारने एक कायदा लागू केला. तुम्ही स्वतःची कंपनी काढली असली, तरी प्रत्यक्षात नोकरासारखे राबत असाल तर करही नोकरासारखाच भरा, असा त्याचा मथितार्थ. कायदा किचकट होता, माणसे भांबावली; आणि जिथे माणसे भांबावतात तिथे सल्लागार उगवतोच.

सल्लागार म्हणाला, “तुम्ही कागदोपत्री आमचे नोकर व्हा. तुमच्या कामाचे पैसे आमच्याकडे येतील. त्यांतला थोडा भाग पगार म्हणून देऊ, त्यावर कर भरू. बाकीची रक्कम आइल ऑफ मॅन किंवा जर्सीसारख्या बेटावरच्या एका न्यासाकडे जाईल, आणि तो न्यास ती तुम्हाला कर्जाऊ देईल. कर्ज म्हणजे काही उत्पन्न नव्हे. त्यावर आयकर कसला? शंभरांतले ८०-८५ तुमच्या हाती पडतील. मोठ्या वकिलाचा अभिप्राय घेतलेला आहे, निर्धास्त असा.” आणि परतफेड? “ती कोण मागतोय!”

मी शाळेत सरळव्याज शिकवतो. मुद्दल, दर आणि मुदत, या तीन खुंट्यांवर ते गणित टांगलेले असते. या कर्जाची मुदत काढू गेलो तर उत्तर अनंत येते. ज्याचे मुद्दल कधीच परत करायचे नाही, त्याला सातवीतला मुलगासुद्धा कर्ज म्हणणार नाही. तो म्हणेल, बक्षीस. आणि महिनाभर राबल्यावर दर महिन्याला मिळणाऱ्या बक्षिसाला पगार म्हणतात.

हेच ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ जुलै २०१७ रोजी अधिक भारदस्त शब्दांत सांगितले. खटला ग्लासगोच्या रेंजर्स या फुटबॉल संघाचा होता. खेळाडूच्या श्रमाचा मोबदला वाटेत न्यासाकडे वळवला, तरी तो मोबदलाच, असा निर्णय झाला. त्याच वर्षी कायदा आला: १९९९ पासूनची अशी जी कर्जे ५ एप्रिल २०१९ ला फिटलेली नसतील, ती सर्व त्या एका वर्षाचे उत्पन्न धरून कर वसूल करावा. सुमारे ५०,००० लोक त्याच्या कक्षेत आले. वीस वर्षांचे उत्पन्न एका वर्षात मोजले की कराचा दर कुठे जाऊन पोहोचतो, हे सांगायला नको. ओरड झाल्यावर चौकशी झाली आणि ९ डिसेंबर २०१० पूर्वीची कर्जे वगळली गेली. तोपर्यंत कित्येकांच्या घरादारावर संकट आले होते. पुढे दहा आत्महत्यांची प्रकरणे खुद्द कर खात्यानेच स्वतंत्र चौकशीसाठी पाठवली. योजना विकणारे मात्र बहुतेक दलाली घेऊन केव्हाच पसार झाले होते.

दोष कोणाचा? सरकार वर्षानुवर्षे गप्प राहिले आणि एकदम दारात उभे राहिले, हे मला न्याय्य वाटत नाही. कर घेणाऱ्याने वेळेवर मागावे, हाही धर्मच आहे. काही परिचारिकांना तर काम हवे असेल तर अमुक कंपनीतूनच या, असे बजावले होते. त्यांना चोर म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण सगळ्यांनाच त्या रांगेत बसवता येत नाही. दिवसभर यंत्राला बिनचूक आज्ञा लिहून देणारा हुशार माणूस “हे कर्ज मी परत करीन” या वाक्याखाली सही करतो, आणि ते वाक्य खोटे आहे हे त्याला ठाऊक असते. कायद्यात करटाळणी आणि करचुकवेगिरी यांत अंतर आहे. पहिलीला मुभा, दुसरीला शिक्षा. मनात मात्र ते अंतर इतके स्वच्छ नसते. सही करताना हात क्षणभर अडखळला होता की नाही, हे फक्त त्या हातालाच माहीत.

आणि या प्रकरणातली सर्वांत विलक्षण गोष्ट अजून सांगायचीच आहे. त्या बेटांवरच्या काही न्यासांची कर्जखाती पुढे तिसऱ्याच मंडळींनी विकत घेतली, आणि त्यांनी कर्जदारांना पत्रे धाडली: मुद्दल परत करा! कर खाते म्हणते, हे कर्ज नव्हतेच, पगार होता, कर टाका. नवा धनको म्हणतो, हे कर्जच आहे, ही पाहा तुमची सही. बिचारा माणूस एकाला काय सांगणार आणि दुसऱ्याला काय? एकाच कागदाचे दोन अर्थ त्यानेच केले होते. आता दोन्ही अर्थ त्याच्या दारी वसुलीला आले.

आपल्याकडेही मुले हल्ली पुण्यात बसून परदेशी कंपन्यांची कंत्राटे घेतात. ‘पैसे तिकडच्याच खात्यात राहू द्या’ असे सांगणारा शहाणा त्यांनाही भेटतो. इथल्या रहिवाशाला जगभरच्या कमाईवर इथे कर आहे. २०१५ च्या काळ्या पैशाच्या कायद्यात लपवलेल्या परदेशी उत्पन्नावर ३० टक्के कर आणि वर कराच्या तिप्पट दंड. म्हणजे शंभर रुपये लपवले तर एकशेवीस द्यायचे. जाणूनबुजून चुकवणाऱ्याला ३ ते १० वर्षे सक्तमजुरी आहे, ती वेगळी. आणि २०१७ पासून अनेक देश आपल्या लोकांच्या तिथल्या खात्यांची माहिती आपण होऊन दिल्लीला कळवू लागले आहेत.

विलायतेच्या कर खात्याने २०२२ पासून अशा योजनांची आणि त्या विकणाऱ्यांची नावे छापायला सुरुवात केली. पहिल्या यादीनंतरही त्यात नव्या नावांची भर पडतच राहिली. शंभरांतले ८०-८५ हाती पडतील म्हटले, की ऐकणाराही कोणी ना कोणी मिळतोच.