झाड कोणाचे?

वृक्षारोपणाच्या उपदेशात एक मोठी सोय असते: उपदेश करणाऱ्याला बहुधा शेत नसते. १९५० साली कन्हैयालाल मुनशी यांच्या पुढाकाराने वनमहोत्सव सुरू झाला. तेव्हापासून दर पावसाळ्यात आपण खड्डे खणतो, रोपे ठेवतो आणि भाषणे करतो. भाषणांतला दृष्टांतही ठरलेला असतो. आजोबा आंबा लावतात, नातू फळे खातो. दृष्टांत खोटा नाही. पण ते आजोबा पोटभर जेवलेले असावेत. माण-खटावकडच्या कोरडवाहू शेतकऱ्यापुढे नातवाच्या आधी येत्या हंगामाचे बियाणे उभे असते. दहा वर्षांनी पडणाऱ्या सावलीसाठी आजची चार पायली ज्वारी सोड, असे त्याला सांगण्याचा अधिकार कोणाला?

प्रश्न केवळ काळाचा नाही, शेजाराचाही आहे. बांधावर बाभूळ वाढली की तिचे सावट दोन्ही शेतांवर पडते. मुळ्यांना बांध कळत नाही. पलीकडची ओलही त्या ओढून घेतात. लाकूड एकाचे, सावट दोघांचे! अशा झाडावरून दोन भाऊही एकमेकांशी बोलेनासे होतात. दुसऱ्याच्या पिकातून जोडलेले पुण्य हे पुण्य कसले?

या हिशेबाला दुसरी बाजू आहे, हेही खरे. तेच झाड वाऱ्याचा जोर मोडते, पाल्याने माती कसदार करते आणि ताटे करपून जातात त्या वर्षी शेळ्यांना शेंगा पुरवते. राजस्थानातला शेतकरी बाजरीच्या शेतात खेजडी मुद्दाम राखतो. तिचा पाला गुरांना, कोवळ्या शेंगा माणसांना. ही खेजडी म्हणजे आपली शमीच. आपण दसऱ्याला तिची पूजा करतो; तो तिची भाजी करून खातो. झाड जगवण्याचा कोणता मार्ग अधिक खात्रीचा, हे वाचकांनीच ठरवावे.

पश्चिम आफ्रिकेतील नायजर देशाची कथा या बाबतीत बोधप्रद आहे. तेथे वसाहतकाळापासून शेतातील झाडेसुद्धा सरकारची मानली जात. जे आपले नाही ते राखायचे कशाला? शेतकरी कोंब दिसताच कापून टाकी. १९८० नंतरच्या दशकात मराडी भागात टोनी रिनॉडो या ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञाने पाहिले की, लावलेली रोपे मरतात, पण जुन्या तोडलेल्या झाडांची मुळे जमिनीखाली जिवंत आहेत. शेतकऱ्यांनी त्यांचे मोजके धुमारे राखून बाकीचे छाटण्यास सुरुवात केली. हळूहळू व्यवहारात झाड त्यांचे मानले जाऊ लागले. पुढे सुमारे ५० लाख हेक्टर शेतजमिनीवर झाडोरा परतला.

आपल्याकडेही १९६४ च्या कायद्याने आंबा, चिंच, मोह अशी झाडे स्वतःच्या शेतातसुद्धा परवानगीवाचून तोडता येत नाहीत. हेतू चांगला आहे. पण उद्या तोडता येणार नाही ते आज लावावे कशाला, हा शेतकऱ्याचा प्रश्न अडाणीपणाचा म्हणता येणार नाही. उलट १९९० साली राज्याने फळबागांची लागवड रोजगार हमीशी जोडली आणि लहान शेतकऱ्याला स्वतःच्याच शेतातल्या खड्ड्यांची मजुरी मिळू लागली. फळ येईतो वाट पाहण्याचा भार समाजाने थोडा उचलला. यात दानधर्म नव्हता. झाडामुळे थांबणारी माती आणि मुरणारे पाणी एकट्या मालकाचे नसते. मग वाट पाहणे मात्र त्याच्या एकट्याच्या वाट्याला का यावे?

मजुरी घेऊन लावलेल्या झाडात कसली नीती, असे कोणी विचारील. पण मजुरी खड्ड्याची मिळते. तिसऱ्या उन्हाळ्यात डोक्यावरून आणलेल्या घागरीची नोंद कोणत्याही वहीत नसते. ज्याला तोडता येत नाही त्याने न तोडणे ही शिस्त झाली. झाड ज्याचे आहे, कुऱ्हाड ज्याच्या हातात आहे आणि ज्याला पैशाची निकडही आहे, तो शेजाऱ्याच्या बाजूची फांदी छाटतो आणि बुंधा राखतो, तेव्हा नीती सुरू होते. तेथवर त्याला येऊ देणे, हे आपले काम.