पाण्याची पाळी

साक्री तालुक्यातले एक अप्पा थंडीचे दोन महिने मुलाकडे राहायला बौशरला गेले. मस्कतच्या या भागाची दोन रूपं आहेत. समुद्राच्या अंगाला रुंद रस्ते, मॉल आणि २००१ साली बांधून पूर्ण झालेली सुलतान काबूस मशीद. डोंगराच्या पायथ्याशी जुनं बौशर, म्हणजे खजुरीच्या बागा, पडकी मातीची घरं आणि त्यांच्यामधून वाहणारा फलज. पहिल्या रूपाचं कौतुक अप्पांना दोन दिवस पुरलं. तिसऱ्या दिवसापासून ते दुसऱ्याकडे जाऊ लागले. शाळेला सुट्टी असली की नातूही सोबत.

फलज म्हणजे आपला पाटच. झऱ्याचं किंवा जमिनीखालचं पाणी उताराने बागांपर्यंत आणायचं आणि वेळेने वाटायचं. साधारण अर्ध्या तासाच्या पाळीला तिथे ‘अथर’ म्हणतात. घड्याळं नव्हती तेव्हा ही वेळ दिवसा सावलीवर आणि रात्री ताऱ्यांवर मोजत. ओमानात असे सुमारे तीन हजार फलज अजून वाहतात. त्यातले पाच २००६ साली जागतिक वारशाच्या यादीत गेले. बौशरचा त्यात नाही, पण खजुरीला त्याचं काय!

अप्पांना हे सगळं ओळखीचं वाटलं, कारण उमेदीच्या काळात ते पांझरा नदीवरच्या एका बंधाऱ्याचे पाटकरी होते. तिथली फड पद्धत तीन-चारशे वर्षांची. बंधाऱ्याखालच्या रानाचे मोठे तुकडे म्हणजे फड, आणि एका फडात सगळ्यांचं पीक एकच. बहुतेकांची जमीन प्रत्येक फडात थोडी थोडी असते. पाणी कमी पडेल त्या वर्षी एक अख्खा फड कोरडा ठेवायचा, म्हणजे झळ सगळ्यांना सारखी बसते. पाटातला गाळही सगळ्यांनी मिळून काढायचा. जो गाळ काढायला आला नाही, त्याने पाण्याबद्दल तोंड उघडायचं नाही.

एका सकाळी फलजाच्या कडेला एक म्हातारा ओमानी बाबा पाणी देत होता. वेळ संपल्यावर त्याने दगड आणि चिंध्या कोंबून आपल्या वाफ्याचं तोंड बंद केलं. आता हा घरी जाईल, असं नातवाला वाटलं. पण म्हातारा पायघोळ डिशदाशा गुडघ्यापर्यंत खोचून पाटात उतरला आणि पुढच्या वळणावर अडकलेल्या खजुरीच्या झावळ्या ओढून काढू लागला.

“अप्पा, त्याची पाळी तर संपली. मग कचरा कशाला काढतोय?”

म्हाताऱ्याला मराठी कळलं नाही, पण पोराचं बोट कळलं. तो हसला. “मेरा टाइम खलास,” तो मोडक्या हिंदीत म्हणाला आणि उताराकडे हात केला, “अब नीचेवाले का पानी.”

अप्पा काही बोलले नाहीत. धोतर सावरून तेही पाटात उतरले.

दोनच दिवसांनी संध्याकाळी मुलाच्या इमारतीतला पंप जळाला. वॉचमन दारोदार जाऊन सांगत होता, “छतावरच्या टाकीत आहे तेवढंच पाणी. उद्या दुपारपर्यंत पुरवायचंय, जपून वापरा.”

मुलगा उखडला. मुलगा वाईट नव्हता बरं का. गावाकडे दर महिन्याला पैसे पाठवणारा, अप्पांना विमानात खिडकी मिळावी म्हणून चार फोन करणारा. पण अलीकडे त्याला एक वाक्य लागलं होतं: ‘मी पैसे मोजतो.’ विमानतळावर, हॉटेलात, नातवाच्या शाळेत, सगळीकडे तेच. ते वाक्य त्याने वॉचमनलाही ऐकवलं. “भाडं वेळेवर भरतो मी. पंप तुमचा, टाकी तुमची. जपून-बिपून मला सांगायचं नाही.”

मग त्याने नळ सोडून बाथटब काठोकाठ भरला. बादल्या, पिंपं, मोठी पातेलीसुद्धा. आणखीही काही घरांत रात्री उशिरापर्यंत नळ वाजत होते. म्हणजे एकट्या त्याला दोष देण्यात अर्थ नाही. पण प्रत्येकाने दुसऱ्याकडे बोट दाखवलं, तर टाकीत काय उरणार?

“एवढं पाणी काय करणार?” अप्पांनी विचारलं.

“असू द्या. आपल्या हक्काचं आहे.”

“हक्काचं किती, ते मोजलं का?”

मुलगा मोबाइलमध्ये बघत होता.

सकाळी आठला वरच्या मजल्यावरची केरळी नर्स रात्रपाळी करून आली. तिचे नळ कोरडे. थोड्या वेळाने ती रिकामी बाटली घेऊन पायऱ्या उतरताना अप्पांना दारातून दिसली. भाषा येत नव्हती, म्हणून ते स्वयंपाकघरातून पाण्याची कळशी घेऊन आले, तोवर ती खाली दुकानाकडे निघून गेली होती.

दुपारी पंप दुरुस्त झाला. नळ पहिल्यासारखे धो धो वाहू लागले.

टबमध्ये धूळ बसली होती, एक केस तरंगत होता. त्यातलं एक तपेलीभर पाणीसुद्धा कुणी घेतलं नव्हतं. मुलाने बूच ओढायला हात घातला. दारात नातू उभा होता.

“बाबा, हे नीचेवाल्याचं होतं का वरवाल्यांचं?”

मुलाला काही कळलं नाही. त्याने अप्पांकडे पाहिलं. अप्पा खिडकीशी बसून डोंगराकडे बघत होते. मग नातवानेच म्हाताऱ्याची, चिंध्यांची, झावळ्यांची गोष्ट सांगितली. पोराने ती जशी पाहिली तशीच सांगितली, अप्पांचं धोतर भिजलं तेही.

बूच तसंच राहिलं. मुलाने नळाखाली स्वच्छ बादली भरली आणि जिना चढून वर गेला. बेल वाजवली. नर्स झोपेतून उठून आली, बादलीकडे आणि त्याच्याकडे पाहून संकोचून हसली.

“पानी आ गया, भैया. थँक्यू.”

दार हळूच बंद झालं. भरलेली बादली हातात घेऊन तो जिन्यात उभा राहिला.