ताप नाही

पुतण्याच्या जातपडताळणीसाठी दोन वर्षांपूर्वी मला तहसिलीच्या रेकॉर्ड रूममध्ये जावं लागलं. खरं तर हे काम त्याच्या बापाचं, म्हणजे माझ्या मोठ्या भावाचं. पण दादा आता नाही, म्हणून मी गेलो.

कोतवाल बुक म्हणजे काय, हे विदर्भातल्या माणसाला सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगतो. इंग्रजांच्या राज्यात आमच्याकडे गावात कोण जन्मलं, कोण मेलं याची खबर कोतवाल ठाण्यात जाऊन द्यायचा आणि ती वहीत चढायची. नाव, बापाचं नाव, जात, आणि माणूस मेला असेल तर कशानं मेला. कोणत्या मुलखात पटकी आहे, कुठं देवी आहे, हे सरकारला कळावं हा त्यातला एक हेतू होता. आज शंभर वर्षांनी त्याच वहीची नक्कल आम्ही जातीचा पुरावा म्हणून काढतो. कोतवालानं मेलेली माणसं मोजली आणि तिच्यावर पोरांचे कॉलेजातले प्रवेश ठरतात. नोंद करणाऱ्याला ती पुढं कशाच्या कामी येईल, हे कधीच माहीत नसतं.

आम्हाला पणजोबांच्या भावाची नोंद हवी होती. कारकुनानं जपून पानं उलटली. कागद पापडासारखा झाला होता. १९१८ सालचं, दिवाळीच्या आसपासचं पान आलं. एरवी एका पानावर महिनाभराच्या नोंदी मावत होत्या. इथं आठवड्यालाच पान भरलं होतं. मरणाच्या कारणाचा रकाना त्यानं बोट ठेवून वाचून दाखवला. ताप. ताप. ताप. खाली पुन्हा ताप.

ती मानमोडीची साथ. म्हातारे लोक सांगायचे, एकाला जाळून आलं की घरी दुसरा तयार. इन्फ्लुएंझा हा शब्द कोतवालाला कुठून माहीत असणार? त्यानं डोळ्यांना दिसलं ते सांगितलं. नाव चुकलं असेल, पण माणूस चुकला नाही. एकेक मेलेला त्यानं मोजला. मला मात्र त्या पानापुढं बसवेना. कारण आमच्या घरात ताप होता तेव्हा आम्ही 'ताप नाही' असं लिहवून घेतलं होतं.

ती गोष्ट आता लिहून टाकतो.

नागपुरात कोरोनाचा पहिला रुग्ण ११ मार्च २०२० ला सापडला. त्याच महिन्यात, ज्यांना घरात बसायचं त्यांच्या डाव्या हातावर शिक्के मारायला सुरुवात झाली. तोपर्यंत नोंद कागदावर व्हायची, आता ती कातडीवर आली. शिक्का असलेला माणूस रेल्वेत दिसला की लोक त्याला उतरवायला लावत. आम्ही ते टीव्हीवर पाहायचो आणि हसायचो. काटोलकडच्या आमच्या गावात तो रोग कशाला येतो, असं वाटायचं.

सप्टेंबरात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम निघाली. आशाताई आणि तिच्यासोबत दोन पोरं घरोघरी फिरायची. कपाळापुढं ताप मोजायचं यंत्र, बोटाला ऑक्सिजनचा चिमटा. घरात कोणाला शुगर, कोणाला बीपी, सगळं विचारून लिहायची. तेव्हा माझ्या मुलाला कणकण होती. आम्ही खरं सांगितलं. तपासणी झाली, पॉझिटिव्ह निघाला. संध्याकाळी त्याच्या नावाची यादी गावातल्या फोनांवर होती. नाव, वय, मोबाईल नंबर, सगळं. यादी कोणी फोडली ते आजपर्यंत कळलं नाही.

मुलगा आठ दिवसांत बरा झाला. पण पुढचा महिना आमचा कसा गेला ते आम्हालाच माहीत. दूधवाल्यानं दूध घेणं बंद केलं. दोन म्हशींचं दूध मी रोज वासरांना आणि शेजारच्या कुत्र्यांना पाजलं. सोयाबीन कापणीला आलं तर वावरात एकही बाई यायला तयार नाही. दुकानदार पैसे काठीनं सरकवून घ्यायचा. नात अंगणात खेळायला गेली तर बाया आपापली पोरं ओढून घरात न्यायच्या. वहिनी म्हणाली, "भाऊजी, खरं बोलून काय भेटलं आपल्याले?" माझ्याजवळ उत्तर नव्हतं.

मग २०२१ चा एप्रिल आला. नागपूर जिल्ह्यात काही दिवस सात हजारांच्या वर रुग्ण निघत होते. मेडिकल आणि मेयोमध्ये जागा नाही, खाजगीत जागा नाही, अशा बातम्या रोज यायच्या. दादाला तीन दिवसांपासून ताप होता. वय एकाहत्तर, त्यात शुगर. सकाळी आशाताई वही घेऊन दारात आली.

"काकाजी, घरात कोनाले ताप, खोकला हाय का?"

"नाई ना बाई. सगळे बरे हायेत."

"मोठे काकाजी कुठी हायेत?"

"वावरात गेले."

दादा आतल्या खोलीत गोधडी घेऊन पडला होता. त्याच्या चपला दारातच होत्या. ताईनं त्या चपलांकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. मग मान खाली घालून लिहिलं, ताप नाही. "काही वाटलं तं फोन करजा, काकाजी," असं म्हणून पुढच्या घरी गेली.

सहाव्या दिवशी दादाला धाप लागली. रात्रभर आम्ही फोन केले. नागपुरातला सोयरा एकेका दवाखान्यात विचारत फिरत होता. पहाटे त्याचा फोन आला, एक खाट मिळण्याची शक्यता आहे, लवकर निघा. तेव्हा दादा जाऊन पाऊण तास झाला होता.

तपासणी झालीच नाही, म्हणून तो कोरोनानंच गेला असं मी ठामपणे म्हणू शकत नाही. आमचंच माणूस कशानं गेलं हे आम्हालाच माहीत नाही. तिरडीला खांदा दिला त्यातले तिघं पुढच्या आठवड्यात आजारी पडले. एक अडतीस वर्षांचा पोरगा मेडिकलमध्ये अकरा दिवस ऑक्सिजनवर होता. वाचला. तो आजही मला रामराम करतो, आणि मी दरवेळी खाली पाहतो. त्याला माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

पुढं सुप्रीम कोर्टात प्रकरण गेलं आणि कोरोनानं गेलेल्याच्या घरच्यांना पन्नास हजार रुपये द्यायचं ठरलं. तपासणीनंतर तीस दिवसांत माणूस गेला असेल तर तो कोरोनाचा मृत्यू धरायचा, असा नियम झाला. वहिनीच्या अर्जाला जोडायला ना तपासणीचा कागद होता, ना दवाखान्याचा. आमच्या घरचा त्या दिवसांचा एकच सरकारी कागद होता, आणि त्यावर लिहिलं होतं, ताप नाही. महाराष्ट्रात सरकारनं मोजलेल्या मृत्यूंपेक्षा कितीतरी जास्त अर्ज आले. जागतिक आरोग्य संघटनेनं मे २०२२ मध्ये अंदाज काढला की २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत भारतात सुमारे ४७ लाख जादा माणसं गेली. सरकारी आकडा ४ लाख ८१ हजारांच्या आसपास होता. सरकारला संघटनेची पद्धत मान्य नव्हती. त्या भांडणात माझ्यासारख्यानं बोलू नये. पण त्या दोन आकड्यांच्या मधल्या दरीत कितीतरी घरं उभी आहेत, आणि त्यातलं एक दार आमचं आहे, एवढं मला कळतं. सगळे आकडे दिल्लीतच लपवले जात नाहीत, काही दारातच लपवले जातात.

बरीच वर्षं मी मनाशी एक हिशेब मांडत आलो. आधी विश्वास कोणी मोडला? यादी फोडणाऱ्यानं. मग माझं खोटं हे त्या खोटेपणाचं उत्तर झालं. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग आला तेव्हा गोरे सोल्जर घरात घुसून रोगी शोधायचे, आणि लोक रोगी माळ्यावर, कोठीत लपवायचे. त्या लोकांना आपण आज खोटारडे म्हणत नाही. उलट रँडवर गोळ्या का झाडल्या गेल्या, हे पोरांना शाळेत शिकवतो. धाक दाखवून, बेइज्जत करून विचाराल तर लोक लपवणारच.

हे सगळं खरं आहे. तरी त्यानं माझी झोप येत नाही.

कारण मला वाटत होतं, मी सरकारशी खोटं बोललो. खरं पाहता मी सरकारशी बोललोच नाही. मी बोललो आशाताईशी. ती आमच्याच गावची सून. स्वतःच्या घरी दोन लहान पोरं ठेवून, तोंडाला ओढणी गुंडाळून ती पन्नास दारं फिरत होती. यादी तिनं फोडली नव्हती. आणि माझ्या खोट्याचा मार सरकारला बसला नाही. तो तिला बसला, खांदेकऱ्यांना बसला, दादाला बसला. पहिल्या दिवशी बोटाला चिमटा लावला असता तर ऑक्सिजन उतरतोय हे कळलं असतं. वाचला असता असं नाही म्हणत. पण आम्ही त्याला ती संधीही दिली नाही. गावातून जो आकडा वर जातो त्यावरच औषधं नि माणसं खाली येतात. त्या दिवशी आमच्या गल्लीतून शून्य गेलं, त्यात एक माझं होतं.

२०२२ मध्ये लम्पी आला. बैलाच्या अंगावर गाठ दिसली की लोक स्वतः डॉक्टरला फोन करायचे. लपवणारे नव्हते असं नाही, पण बहुतेकांनी सांगितलं. का? सांगितलं की लस मिळायची, औषध मिळायचं, आणि जनावर दगावलंच तर दुधाच्या गाईला तीस हजार, बैलाला पंचवीस हजार मदत होती. शिवाय बैल आजारी म्हणून मालकाला कोणी वाळीत टाकत नव्हतं. तीच माणसं, तेच गाव. बैलाचा ताप सांगितला आणि भावाचा लपवला.

म्हणून आता माझं मत असं झालं आहे. दुखण्याची खबर ही ठेव आहे. ती घेणाऱ्यानं ठेवीसारखी सांभाळली पाहिजे. ज्या कामासाठी घेतली त्याच कामी लावावी, गावभर वाटू नये. पण त्यानं सांभाळली नाही म्हणून मी शेजाऱ्याला विहिरीत ढकलायला मोकळा होत नाही. त्याचं देणं वेगळं, माझं वेगळं. ते एकमेकांत वळतं होत नाही.

मात्र हे मी सगळ्यांना सारखं सांगू शकत नाही. मला आठ एकर आहे. संत्र्याची बाग आहे. महिनाभर दूध वाया गेलं तरी माझी चूल पेटली. ज्याची चूल रोजच्या मजुरीवर पेटते त्याला 'खरं सांग' म्हणण्याआधी गावानं त्याच्या घरी पंधरा दिवसांचं धान्य नेऊन ठेवलं पाहिजे. खरं बोलणं परवडावं लागतं. मला परवडत होतं. माझा गुन्हा म्हणून मोठा.

मागच्या हिवाळ्यात आशाताई पुन्हा वही घेऊन आली. क्षयरोगाची पाहणी होती. केस पांढरे झालेत तिचे आता.

"काकाजी, दोन हप्त्याच्या वर कोनाले खोकला?"

"मले हाय. वीस दिवस झाले."

तिनं वर पाहिलं. मी म्हटलं, "लिही बाई." तिनं लिहिलं. मग मी विचारलं, "हे वही कुठी जाते, कोन कोन वाचते?" कोणी तिला हे कधी विचारलं नसावं. तिनं खुर्ची ओढली, बसली, आणि तिला जेवढं माहीत होतं तेवढं सगळं सांगितलं. जाताना तिनं वही छातीशी धरली होती.

थुंकीची तपासणी झाली. काही निघालं नाही.