जुनें वाद्य आणि नवी झिलई

जुनी वस्तु विकत घेणें हा नव्या वस्तूच्या खरेदीहून निराळ्या जातीचा व्यवहार आहे. नव्या वस्तूच्या मागें कारखानदाराची हमी असते, व ती खोटी ठरल्यास दाद मागण्याची वाट असते. जुन्या वस्तूच्या बाबतींत एकाजवळ त्या वस्तूचा इतिहास असतो, दुसऱ्याजवळ पैसा असतो, आणि दोघांच्या मध्यें अज्ञान उभें असतें. ह्या अज्ञानाचा फायदा घेण्याचा अधिकार जाणत्याला आहे काय, हा नीतिशास्त्रांतील फार जुना प्रश्न होय. तो नुसत्या तत्त्वाच्या पातळीवर ठेविला म्हणजे उत्तर सोपें वाटतें. खोटें बोलूं नये असें म्हणून आपण मोकळे होतों. एखादी खरी वस्तु हातांत घेऊन तोच प्रश्न विचारला, म्हणजे तो किती अवघड आहे तें कळूं लागतें. प्रस्तुत लेखांत त्यासाठीं जुना सॅक्सोफोन घेतला आहे.

हें वाद्य बेल्जममधील दिनां गांवीं १८१४ सालीं जन्मलेल्या अॅडॉल्फ सॅक्स ह्या कारागिरानें निर्माण केलें, आणि १८४६ सालीं फ्रान्समध्यें त्याचें पेटंट मिळविलें. आपल्याकडे लग्नाच्या वरातींतून, गोमंतकीय वादकांनीं गाजविलेल्या मुंबईच्या वाद्यवृंदांतून आणि हिंदी चित्रपटांतील गाण्यांतून त्याचा स्वर घरोघर पोंचला. नवें चांगलें वाद्य महाग पडतें. म्हणून शिकाऊ विद्यार्थी आणि पोटासाठीं वाजविणारा वादक हे दोघेही बहुधा जुनेंच शोधतात. त्याची रचना थोडक्यांत सांगितली पाहिजे, कारण पुढील विवेचन तिच्यावर अवलंबून आहे. पितळेची एक निमुळती नळी. तिच्या अंगावर वीसहून अधिक छिद्रें. प्रत्येक छिद्रावर कळेनें उघडझांप करणारें वाटीसारखें झांकण. आणि त्या वाटींत बसविलेली, नमद्यावर पातळ चामडें मढवून केलेली गादी, जिला कारागीर पॅड म्हणतात. हें पॅड छिद्राच्या कांठावर सर्व बाजूंनीं सारखें टेकलें पाहिजे. वरच्या एखाद्या छिद्राशीं केसाएवढी फट राहिली, तरी खालचे खर्जाचे स्वर फुटतात किंवा उमटतच नाहींत.

पॅड वाटींत चिकटवावयाचें तें परंपरेनें लाखेनें. झाडांच्या फांद्यांवरील किड्यांपासून मिळणारी ही लाख आपल्या देशांतील फार जुना जिन्नस आहे. कारागीर वाटीला बाहेरून ज्योत दाखवितो, लाख मऊ होते, तो पॅड किंचित् हालवून नीट टेकवितो, आणि थंड होतांच तें तेथेंच घट्ट बसतें. वाद्याच्या बाहेरच्या अंगावर जी पारदर्शक झिलई चमकते तिला लॅकर म्हणतात. आणि हा शब्दही, फारशी व पोर्तुगीज अशीं वळणें घेत, आपल्या लाखेपासूनच निघालेला आहे. आजची ती झिलई लाखेची नसते; नांव तेवढें राहिलें. आंतली लाख कोणाला दिसत नाहीं, पण तिच्यावांचून स्वर नाहीं. बाहेरची झिलई सर्वांना दिसते, आणि ती उडून गेली तरी वाद्य वाजतें. लाखेचें नांव निघालें कीं आपल्याला महाभारतांतील लाक्षागृह आठवतें. पुरोचनानें बांधलेलें तें घर दिसावयास सुंदर होतें. धोका भिंतींत होता, आणि विदुरानें सुचविलें म्हणून पांडव वांचले. जुन्या वस्तूंच्या बाजारांत पुरोचन पुष्कळ भेटतात. विदुर मात्र शोधावा लागतो.

जुन्या सॅक्सोफोनची मूळ झिलई हातांच्या घामानें जागोजाग उडालेली असते. ती काढून नवी चढवावयाची, तर आधीं पितळ फिरत्या चाकावर घांसावें लागतें. ह्या घांसण्यांत थोडी धातु झिजते आणि कर्ण्यावरील कोरीव नक्षीच्या रेघा बोथट होतात. शिवाय पोचे काढलेल्या व डाख दिलेल्या जागा एकाच सोनेरी कांतीखालीं झांकल्या जातात. पॅरिसच्या सेल्मर कारखान्याचा १९५४ सालीं निघालेला मार्क सिक्स हा नमुना आजही जाणत्या वादकांच्या विशेष आवडीचा आहे. त्यांतही झिलई उडालेल्या, पण मूळ रूपांत राहिलेल्या वाद्याला पुन्हा झिलई चढविलेल्या वाद्यापेक्षां सामान्यतः अधिक किंमत येते. अजाण गिऱ्हाईक मात्र चकाकणारेंच उचलतें. म्हणून सगळा दोष विक्रेत्यावर टाकणें बरोबर होणार नाहीं. जुन्याच्या किंमतींत नव्याचें रूप मागणारें गिऱ्हाईकच झिलईला बाजार मिळवून देतें. तरी झिलई चढविणें हेंच मुळीं पाप, असेंही म्हणतां येत नाहीं. "हिच्यावर पुन्हा हात फिरविला आहे" एवढें एक वाक्य उच्चारलें, कीं तीच झिलई निर्दोष होते.

खऱ्या दुरुस्तीचा क्रम आंतून बाहेर असा असतो. आधीं नळी वांकली आहे काय तें तिच्या रेषेंत डोळा लावून पाहावें. मान दाबामुळें झुकून तिचा गोल लांबट झाला असल्यास तो पूर्ववत् करावा. छिद्रांचे कांठ सपाट करावे. कळांचे सांधे ढिले असल्यास आवळावे. त्यानंतर पॅडें बसवावीं, आणि शेवटीं स्प्रिंगा, बूच व नमद्याचे तुकडे लावून कळांची उंची व चाल जुळवावी. ढिल्या कळांवर नवीं पॅडें चढविलीं, तर वाद्य दुकानांत वाजतें आणि घरीं थोड्याच दिवसांत मुकें होऊं लागतें. ह्या कामाची परीक्षा घेण्याची रीत फार साधी आहे. अंधाऱ्या खोलींत नळीमध्यें एक बारीक दिवा सोडावयाचा आणि कळा मिटावयाच्या. जेथून प्रकाश झिरपतो, तेथूनच वाराही झिरपतो. बाहेरच्या चकाकीला ह्या परीक्षेंत कांहींच बोलतां येत नाहीं.

परंतु ह्या दिव्यालाही न दिसणारा एक दोष असतो. विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेंत दोन निराळ्या स्वरमानांचे सॅक्सोफोन बनत. एकांत ए ह्या स्वराचीं आंदोलनें सेकंदाला ४४० असत. दुसऱ्यांत तीं ४५० च्याही वर जात. पुढें १९३९ सालीं लंडन येथील आंतरराष्ट्रीय परिषदेनें ४४० हें मान स्वीकारलें. उंच मानाच्या वाद्यांत एकही फट नसेल, तरी तें इतर वाद्यांशीं जुळत नाहीं. माउथपीस बाहेर ओढून स्वर थोडा उतरवितां येतो. पण मग छिद्रांचीं अंतरें चुकतात आणि वाद्य स्वतःशींच बेसूर होतें. अशा वाद्यावर बहुधा 'एच. पी.' किंवा नुसतें 'एच' असें अक्षर ठोकलेलें असतें. ज्याला त्याचा अर्थ कळत नाहीं त्याला तें असून नसल्यासारखें. विक्रेत्यानें तें झांकलें नाहीं, तो खोटेंही बोलला नाहीं. तो फक्त गप्प बसला. ह्या मौनाला काय म्हणावें?

कायद्याचें उत्तर ठरलेलें आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या सतराव्या कलमाप्रमाणें, माहीत असलेली गोष्ट फसविण्याच्या हेतूनें झांकणें ही लबाडी होय. परंतु बोलण्याचें कर्तव्य नसेल तेथें नुसतें मौन सामान्यतः लबाडी ठरत नाहीं. रोमन पंडित सिसेरो ह्यानें ख्रिस्तपूर्व ४४ मध्यें लिहिलेल्या कर्तव्यविषयक ग्रंथांत नेमका हाच वाद मांडला आहे. एक गृहस्थ घर विकतो. त्यांतील दोष त्याच्याशिवाय कोणालाच ठाऊक नाहींत. ते त्यानें सांगावे काय? बाबिलोनचा डायोजेनिस म्हणतो, कायदा सांगतो तेवढें सांगावें. घर घ्याच असा आग्रह कोणी केलेला नाहीं, आणि न सांगणें म्हणजे लपविणें नव्हे. त्याचा शिष्य अँटिपेटर म्हणतो, वाट चुकलेल्याला वाट न दाखविणें हा जर अपराध, तर जाणूनबुजून माणसाला भुलीच्या वाटेला लागूं देणें हा त्याहून मोठा अपराध आहे. सिसेरोचा कौल शिष्याच्या बाजूला आहे.

डायोजेनिसच्या बाजूनेंही बोलण्यासारखें आहे. ज्ञान फुकट मिळत नाहीं. वाद्यें ओळखण्यांत ज्यानें आयुष्याचीं वीस वर्षें घालविलीं, त्यानें आपली विद्या दर गिऱ्हाइकाला वांटीत बसावें, तर शिकण्याला मोल काय उरलें? हा आक्षेप दोन निराळीं ज्ञानें एकत्र केल्यामुळें बळकट वाटतो. पॅड कसें बसवावें हें ज्ञान कारागिराचें धन आहे. त्याचे त्यानें अवश्य पैसे घ्यावे. ह्या वाद्याची मान एकदां मोडून डाखलेली आहे, किंवा ह्याचें स्वरमान निरुपयोगी आहे, हें ज्ञान मात्र त्या वस्तूचाच एक भाग आहे. वस्तु देऊन तिचा इतिहास स्वतःजवळ ठेवणारा मनुष्य अर्धा माल देतो आणि किंमत पुरी घेतो.

येथवर वाचून घेणाऱ्याला समाधान वाटेल; परंतु हें तत्त्व त्यालाही सोडीत नाहीं. समजा, एका वादकाच्या मृत्यूनंतर घरच्या माणसांनीं माळ्यावरचें वाद्य खालीं काढलें. पितळेच्या भावाहून थोडें अधिक मिळालें तरी पुरे, असें त्यांना वाटत आहे. घेणाऱ्यानें पेटी उघडतांच तो मार्क सिक्स असल्याचें ओळखलें. अशा प्रसंगाला जग नशीब म्हणतें, आणि ओळखणारा मित्रांना ती हकीगत अभिमानानें सांगतो. सिसेरोच्याच ग्रंथांत क्विंटस स्किव्होला ह्याची गोष्ट आहे. शेत विकणाऱ्यानें किंमत सांगितली. हा म्हणाला, मला तें ह्याहून अधिक मोलाचें वाटतें, आणि त्यानें एक लक्ष सेस्टर्स जास्त दिले. लोक म्हणाले, हें सज्जनाचें कृत्य खरें, पण शहाण्याचें नव्हे. आणि सज्जनपणाची व शहाणपणाची ही फारकतच सिसेरोला घातक वाटते. प्रत्येकानें स्किव्होला व्हावें असें म्हणण्याचें धाडस कोणी करणार नाहीं. पण वाद्य काय आहे तें सांगावें, दुरुस्तीचा खर्च त्यांतून वजा घालावा, आपल्या श्रमांचें व जोखमीचें मोल उघडपणें मागावें, आणि मग भाव ठरवावा, एवढें तर साध्या माणसालाही शक्य आहे. असें केल्यानें वाद्य कदाचित् दुसऱ्याच्या हातीं जाईल. हा तोटा पत्करण्याची तयारी नसेल, तर आपण विक्रेत्याच्या मौनाविरुद्ध तक्रार कोणत्या तोंडानें करावी?

ह्या दोघांच्या मध्यें दुरुस्ती करणारा उभा असतो. नळींत दिवा सोडून आंत पाहणारा तोच. म्हणून विदुराचें काम त्याच्याकडे येतें. "ह्यावर खर्च करण्यांत अर्थ नाहीं" असें सांगून हातचें काम घालविणारा कारागीर जेथें भेटतो, तेथें त्या बाजारांतील इतरांचेंही बोलणें हळूहळू सुधारतें. आणि वाद्य घेऊन, दुरुस्त करून, स्वरांत आणून जो तें वाजवूं लागतो, तोही कायमचा मालक नसतो. एके दिवशीं तेंही दुसऱ्याकडे जाणार. तेव्हां काय मोडलें होतें, काय बदललें, कोणत्या सालीं आणि कोणाच्या हातून, हें एका चिठीवर लिहून ती पेटीच्या कप्प्यांत ठेवावी. पुढच्या माणसाला वाद्याबरोबर ती चिठीही मिळेल, आणि त्याला विचारावयाचें राहिलें असेल तें तीच सांगेल.