घराचा पत्ता कोणासाठी?

॥ श्री सद्गुरवे नमः ॥



मागच्या महिन्यात आपल्या ग्रुपवर एका ताईंनी विचारलं होतं, घरातल्या एका माणसासाठी बाकीच्यांनी किती सोसायचं? उत्तरं भराभर आली. प्रेमात हिशोब नसतो, सेवा हीच पूजा, वगैरे. मीसुद्धा हात जोडल्याचं चित्र टाकून मोकळी झाले. पण त्याच दिवसांत माझ्या बहिणीच्या मुलीकडे, अमेरिकेत, हाच प्रश्न रोज रात्री जेवणाच्या टेबलावर येत होता आणि तिथे हात जोडून भागत नव्हतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते. भाचीला आणि तिच्या मुलीला विचारूनच लिहिते आहे.

भाचीला दोन मुलं. मुलगी १३ वर्षांची, मुलगा ११ चा. मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे, त्यामुळे व्हीलचेअर. नजर अधू. बोलत नाही. फिट्सचं औषध चालू असतं. एका स्क्रीनवरच्या चित्रांकडे बघून, नुसत्या नजरेने, तो 'हो', 'नको', 'अजून' सांगतो. तिकडच्या शिक्षणाच्या कायद्यात अशा मुलांसाठी 'मल्टिपल डिसॅबिलिटीज' असा वेगळा वर्गच आहे. जावयांची नोकरी न्यू जर्सीला बदलली आणि राहायला गाव निवडायची वेळ आली.

आपण घर बघताना पाणी, स्टेशन, भाजीबाजार बघतो. तिथे मुलं असली की आधी स्कूल डिस्ट्रिक्ट बघतात, म्हणजे शाळांचा इलाखा. ज्या इलाख्यात राहाल तिथलीच सरकारी शाळा. एवढ्याशा न्यू जर्सीत असे ६०० च्या आसपास इलाखे आहेत. शाळांचा बराचसा पैसा त्या त्या गावच्या घरपट्टीतून येतो, म्हणून जिथे शाळा नावाजलेली तिथे घरं महाग.

कायदा मात्र सगळीकडे एकच. १९७५ साली तो झाला तेव्हा दहा लाख अपंग मुलं शाळेच्या पूर्ण बाहेर आहेत, असं त्यातच लिहिलं होतं. आता ३ वर्षांपासून २१ पर्यंत कोणत्याही मुलाला, ते कितीही अपंग असो, डिस्ट्रिक्टला नाही म्हणता येत नाही. दरवर्षी आईवडिलांना समोर बसवून त्या एका मुलाची योजना लिहितात, तिला आयईपी म्हणतात. राज्य बदललं तर नवीन तपासणी होईपर्यंत साधारण तशाच सोयी द्याव्या लागतात. (आपल्या बडोद्यात सयाजीरावांनी १९०६ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं ते आठवलं. मूल शाळेपर्यंत पोचवणं ही राज्याची जबाबदारी, हा विचार आपल्याला परका नाही.)

पण कागद एक आणि वर्ग एक. कायद्याने 'योग्य' शिक्षण मिळतं, सर्वात उत्तम नव्हे. तिथल्या सुप्रीम कोर्टाने १९८२ साली एका कर्णबधिर मुलीच्या खटल्यात तसं स्पष्टच सांगितलं. २०१७ साली थोडी भर घातली, की मुलाची प्रगती नावापुरती असून चालणार नाही. या 'योग्य' आणि 'उत्तम'च्या मधली जागा आईवडिलांनी स्वतः हिंडून शोधायची.

भाचीचे सासरे इंटरनेटवरचे शाळांचे गुण काढून बसले. दहापैकी नऊ, दहापैकी आठ. ती म्हणाली, "बाबा, हे परीक्षेच्या मार्कांवरून आहे. आपला बाळ त्या परीक्षेत कुठे आहे?" तिचे प्रश्न वेगळे होते. शाळेत नर्स पूर्ण वेळ असते का, का आठवड्यातून दोनदा? फिट आली तर औषध कोण देणार? बस किती वेळ? जेवायला तो बाकीच्या मुलांबरोबर बसेल की वेगळ्या खोलीत? उन्हाळ्यात वर्ग चालू राहतो का? अशाच मुलांच्या तीन आयांशी ती फोनवर बोलली आणि मला म्हणाली, मावशी, वेबसाइटवर नाही ते या तिघींनी वीस मिनिटांत सांगितलं.

जाण्याची किंमतही होती. नजरेने चालणारं ते यंत्र जुन्या डिस्ट्रिक्टने घेऊन दिलेलं. ते मिळवायला दोन वर्षं पत्रं लिहिली होती, आता ते तिथेच ठेवून यायचं. घरी मदतनीस मिळावा म्हणून राज्याच्या यादीत नाव होतं, राज्य सोडलं की नंबर गेला. नव्या राज्यात पुन्हा शेवटून सुरुवात.

शेवटी दोन गावं उरली. पहिलं नावाजलेलं, तिथून अशा मुलांना एका खास शाळेत पाठवतात. शांत इमारत, गरम पाण्याचा तलाव, थेरपिस्ट भरपूर, पण बसने एक तास जायला, एक तास यायला. दुसरं गाव साधं. गावच्याच मिडल स्कूलमध्ये अशा मुलांचा वर्ग, नर्स पूर्ण वेळ, थेरपिस्ट कमी. आणि त्याच इमारतीत ताई आठवीला असणार.

मी स्पीकरवर होते. पटकन म्हणाले, "मग दुसरंच बरं. ताई आहे ना, ती बघेल त्याला."

मुलगी काही बोलली नाही. रात्री तिचा मला मेसेज आला, इंग्रजीत. अर्थ असा: जुन्या शाळेत तो रडायला लागला की मला वर्गातून बोलावून न्यायचे. दोनदा माझी गणिताची टेस्ट बुडली. मला त्याचा राग नाही, आजी. पण मला कोणी विचारलंच नाही.

फोन हातात धरून मी कितीतरी वेळ बसून होते. कारण हे मला माहीत असायला हवं होतं.

माझा धाकटा भाऊ, तेव्हा मतिमंद म्हणायचे तसा होता. त्याच्यासाठी शाळा निवडायचा प्रश्नच आला नाही, शाळाच नव्हती. तो दांडिया बाजारातल्या आमच्या घराच्या ओट्यावर बसायचा. आई बाहेर गेली की मी घरी. सातवीत खो-खोच्या टीममध्ये नाव लागलं होतं, ते काढलं. कोणी रागावलं नाही, जबरदस्ती केली नाही. सगळे म्हणायचे, किती समजूतदार पोर! आणि मी तो शब्द टिकवण्यासाठी आणखी समजूतदार व्हायचे. भाऊ गेला त्याला वीस वर्षं झाली. माझा त्याच्यावर फार जीव होता. खो-खो गेलं याचं वाईट वाटतं, हेही खरं. दोन्ही खरं आहे, आणि हे मी पंचावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा लिहिते आहे.

मला वाटतं, घरात सगळ्यांना सारखं वाढता येत नाही. ज्याला भूक जास्त त्याला जास्त. भाचीने नोकरी अर्धी केली, जावई रोज दीड तास गाडी चालवायला तयार झाले. हे त्यांचं स्वतःचं, त्याला त्याग म्हणा. पण एका मुलाच्या ताटातलं उचलून दुसऱ्याला वाढलं तर तो आपला त्याग कसा? ते तिचं होतं. तिला विचारायला हवं, आणि ती नाही म्हणाली तर ते ऐकायची तयारी ठेवून विचारायला हवं. नुसतं "तुला चालेल ना गं?" म्हणणं म्हणजे विचारणं नव्हे. तेरा वर्षांची मुलगी "हो" शिवाय काय म्हणणार?

गंमत म्हणजे धाकट्यालाही कोणी विचारलं नव्हतं. तो बोलत नाही म्हणजे त्याला मत नाही, असं आपण धरून चालतो. मे महिन्यात त्याला दोन्ही शाळा दाखवल्या. आम्हा सगळ्यांना वाटत होतं, शांत जागा त्याला आवडेल. तिथे तो पेंगला. साध्या शाळेत मधली सुट्टी झाली, बेल वाजली, दोन-तीनशे मुलं आरडाओरडा करत व्हरांड्यात आली, आणि हा खुर्चीत उसळून हसायला लागला. दिसत कमी, म्हणून आवाज हाच त्याचा मेळा. त्याची नजर स्क्रीनवर पुन्हा पुन्हा एकाच चित्रावर: 'अजून'.

म्हणजे त्याला हवं तेच तिला नको होतं! अशा वेळी काय करायचं, सांगा.

प्रारब्ध म्हणून सोडून द्यायचं का? आपल्यातल्याच कोणी भाचीला तसं म्हटलं होतं. दोन वर्षांपूर्वी ती बाळाला घेऊन आपल्या सत्संगाला आली होती. हॉलला सात पायऱ्या आहेत, चौघांनी खुर्ची उचलून वर नेली. प्रसाद घेताना तिला ते वाक्य ऐकायला मिळालं. त्याचं प्रारब्ध काय ते मला ठाऊक नाही. सात पायऱ्या मात्र मी मोजल्या आहेत, आणि त्या अजून तशाच आहेत.

भाचीने मुलीला समोर बसवून सगळं सांगितलं, पैशांसकट. मुलगी दोन दिवस बोलली नाही. मग म्हणाली, चालेल, पण मला कधीही वर्गातून बोलवायचं नाही. मी त्याची बहीण आहे, स्टाफ नाही. आईने तसं शाळेला लेखी कळवलं आणि आयईपीच्या बैठकीतही सांगितलं, की काहीही झालं तरी फोन मला करायचा. पुढच्या वर्षी मुलगी हायस्कूलला, दुसऱ्या इमारतीत जाईल, म्हणजे प्रश्न एका वर्षाचाच आहे. तरी त्या एका वर्षासाठी लिहून दिलं, हे मला फार आवडलं.

एक गोष्ट भाचीला अजून टोचते. आपल्याला भाडं परवडलं म्हणून आपण गाव निवडलं, ज्यांना नाही परवडत त्यांच्या मुलांचं काय? तिने त्या गावच्या पालकांच्या समितीत नाव दिलं आहे आणि जुन्या गावातल्या एका आईला स्वतःची सगळी पत्रं पाठवून दिली. ते यंत्र आता त्या बाईच्या मुलाला मिळावं म्हणून. मिळालं की नाही ते अजून कळलेलं नाही.

सप्टेंबरात शाळा सुरू झाली. तिसऱ्या आठवड्यात त्याला फिट आली. नर्सने औषध दिलं, आईला फोन केला. मुलगी वरच्या मजल्यावर गणिताच्या वर्गात होती, तिला संध्याकाळी घरी आल्यावर कळलं. ती आईवर चिडली. मला का नाही सांगितलं, म्हणाली.

घर भाड्याचंच घेतलं आहे. करार जुलैपर्यंतचा आहे.